तेवीस नॅनोमीटर आणि आमचं छप्पर

परवा नातवाने त्याचा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट माझ्या हातात ठेवला. काळं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आत सत्तरेक पानं. विषय फिजिक्स, त्यातही मटेरियल्स, म्हणजे पदार्थ आतून कसे रचलेले असतात आणि म्हणून बाहेर कसे वागतात त्याचा अभ्यास. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, आणि विज्ञानाचे सर बदलून गेले की नवे येईपर्यंत सातवीचं विज्ञानही रेटलं. तेव्हा ‘आजी, तुम्हाला यातलं काय कळतंय?’ हा प्रश्न तुम्ही विचारायच्या आधी मीच विचारून ठेवते. उत्तर, फारसं नाही. पण ३६ वर्षं वह्या तपासल्यावर माणसाला एक गोष्ट कळायला लागते. वही स्वतःचं डोकं चालवून लिहिली आहे की समोर दुसरी वही उघडी ठेवून, हे पानं उलटता उलटताच समजतं.

ही वही दुसरी वही समोर ठेवून लिहिलेली होती.

लेक-जावई हे वाचतात, त्यामुळे लगेच खुलासा करते. नातवाने चोरी केलेली नाही. पावडर त्याने स्वतः बनवली, ग्राफ स्वतः काढले, रात्र-रात्र जागून टायपिंग स्वतः केलं. तरीही मी म्हणते ते खरं आहे, आणि आता तोही ते मान्य करतो. माझा राग त्याच्यावर नाहीच.

प्रोजेक्ट काय होता ते त्याने मला समजावलं तसं सांगते. (चुकलं तर चूक माझी.) झिंक अ‍ॅसिटेट नावाचा जस्ताचा क्षार पाण्यात विरघळवायचा. त्यात तुळशीची पानं उकळून गाळलेलं पाणी घालायचं, वरून कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडायचा. पांढरा साका खाली बसतो. तो गाळायचा, धुवायचा, वाळवायचा आणि भट्टीत ४०० अंशांना भाजायचा. झाली झिंक ऑक्साइडची पावडर. आता ती चिमूटभर पावडर पुडीत बांधून दुसऱ्या संस्थेत पाठवायची, कारण एक्सआरडीचं यंत्र, म्हणजे पदार्थावर क्ष-किरण टाकून आतली अणूंची मांडणी ओळखणारं यंत्र, कॉलेजात नाही. सँपलमागे पैसे भरायचे. पंधरा दिवसांनी ईमेलने फाइल येते. तिचा ग्राफ काढला की ३१.७, ३४.४, ३६.२ अंशांवर सुळके दिसतात. ते ‘जेसीपीडीएस कार्ड क्रमांक ३६-१४५१’शी जुळले असं लिहायचं. मग शेरर नावाच्या शास्त्रज्ञाने १९१८ साली दिलेल्या सूत्रात सुळक्याची रुंदी घातली की कणाचा आकार निघतो. नातवाचा निघाला २३ नॅनोमीटर. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा एक फोटो, तोही बाहेरून आलेला, आणि त्याखाली ‘फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी रचना’ असं एक वाक्य. शेवटी निष्कर्ष, की हे कण जंतुनाशकं, सोलर सेल, सेन्सर, औषधं अशा सगळ्या ठिकाणी उपयोगी पडू शकतील. सत्यनारायणाच्या कथेचं फळही इतकं सर्वव्यापी नसतं हो!

मी एकच प्रश्न विचारला. ‘दुसऱ्यांदा केलंस तर पुन्हा तेवीसच येतील का रे?’

तो गप्प. मग म्हणाला, ‘आजी, एकदाच पाठवलं. सँपलमागे पैसे पडतात ना.’

‘आणि यंत्रच थोडं चुकत असेल तर?’

इथे मात्र गडी खुलला. म्हणाला, सुळका रुंद होतो तो काही नुसता कण बारीक असतो म्हणून नाही. यंत्राची स्वतःची थोडी रुंदी त्यात मिसळलेली असते, कणाच्या आत ताण असला तरी रुंदी वाढते. ते वजा करायचं तर त्याच यंत्रावर आधी एखादा माहितीतला नमुना तपासायला हवा. म्हणजे पोराला सगळं ठाऊक होतं! ‘मग केलं का नाहीस?’ तर म्हणे, ‘कोणी विचारलंच नाही. मागच्या वर्षीच्या मुलीचे चोवीस आले होते, त्याच्या आधीच्या मुलाचे एकवीस. माझे तेवीस बघून सर म्हणाले, छान, मॅच होतंय.’

मॅच होतंय! अहो, मग केलं कशाला?

आमच्या कॉलेजच्या दिवसांत सायन्सच्या मुली हॉस्टेलवर बसून लंबकाच्या प्रयोगाचं उलटं गणित करायच्या. उत्तर ९८० यायला हवं, मग त्यावरून वेळ किती लिहायची? तेव्हा आम्ही बी.ए.वाल्या हसायचो. पण तो निदान अकरावी-बारावीच्या वयातला चावटपणा होता, त्याला कोणी संशोधन म्हणत नव्हतं.

आता मुळात त्याला काय करायचं होतं ते सांगते, म्हणजे मी एवढी का चिडले ते कळेल.

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. बोर्ली पंचतनच्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही, पण पुण्यातल्या आणि अमेरिकेतल्या नातलगांसाठी सांगते. टाळेबंदी होती. बारावीची परीक्षा दिलेला नातू माझ्याकडेच अडकला होता. दिवेआगर, श्रीवर्धन, आमचं बोर्ली, सगळीकडे नारळी-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, आणि पत्रे तर पतंगासारखे गेले. आमच्या मागच्या पडवीचे आठ पत्रे उडाले. त्यातला एक शेजारच्या गोठ्याच्या भिंतीत जाऊन रुतला. गाय थोडक्यात वाचली. मीसुद्धा. वारा वाढायच्या दहा मिनिटं आधी मी त्याच पडवीत भिजणारी लाकडं आत घेत होते.

दोन दिवसांनी पोरगा अंगणातून पत्र्यांचे हुक गोळा करत बसला. आम्ही पत्रे शोधत होतो आणि हा हुक शोधत होता. पत्रे चेपले होते पण त्यांत जीव होता. तुटले होते ते पत्र्याला वाशाशी धरून ठेवणारे लोखंडी हुक. वरचा दिसणारा भाग बऱ्यापैकी जाड, आणि डांबरी वायसरच्या खाली, जिथे कोणाची नजर पोचत नाही, तिथे सुईसारखे बारीक झालेले. त्याने ते बोर्नव्हिटाच्या डब्यात भरून ठेवले. डबा अजून माझ्या कपाटावर आहे.

तीन-चार आठवडे वीज नव्हती, त्यामुळे संध्याकाळी गप्पांशिवाय उद्योग नव्हता. त्याचे प्रश्न सुरू झाले. असा हुक इथे किती वर्षं टिकतो? दिवेआगरला पुळणीवर किती, इथे चार-पाच किलोमीटर आत बोर्लीला किती, आणि पार माणगावला किती? वायसरखालीच का आधी जातो? (त्या फटीत खारं पाणी अडकून राहतं, वाळत नाही, हे उत्तर त्याने नंतर शोधून काढलं.) पत्रे पुन्हा बसवताना गवंड्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘काकू, टिकेल तितकं टिकेल.’ गवंड्याचं चुकलं नाही, त्याला सांगणार कोण?

हा प्रश्न मुलाने बी.एस्सी.ची तीन वर्षं मनात बाळगला. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टची वेळ आली तेव्हा दोन पानांची योजना लिहून नेली. एकाच लोखंडी पत्र्यातून सारख्या मापाच्या पट्ट्या कापायच्या, वजन करून तीन ठिकाणी उघड्यावर टांगायच्या, दर महिन्याला काही पट्ट्या उतरवून गंज काढून पुन्हा वजन करायचं. जितकं वजन घटलं तितकं लोखंड समुद्राने खाल्लं. लागणार काय, तर एक चांगला तराजू, जो प्रत्येक कॉलेजात असतो. आणि एक्सआरडी हवंच असेल तर इथे त्याला खरं काम होतं. गंज म्हणजे काही एकच पदार्थ नव्हे. त्यात लेपिडोक्रोसाइट असतो, गोएथाइट असतो, आणि जिथे हवेत मीठ आहे तिथे अकागनाइट नावाचा तिसरा प्रकार तयार होतो. म्हणजे गंज खरवडून यंत्राखाली धरला तर त्यात समुद्राची सही सापडेल का, हा प्रश्न. यातल्या गोएथाइटला जर्मन कवी गटे याचं नाव दिलेलं आहे. मराठीच्या बाईला हे ऐकून किती आनंद झाला म्हणून सांगू! कवीच्या नावाचा गंज.

कॉलेजचं नाव सांगणार नाही, सरांचंही नाही. योजना वाचून ते म्हणाले, ‘गंज? ते इंजिनिअरिंगवाल्यांचं काम. नॅनो घे. यावर पेपर होत नाही. आणि सहा महिन्यांत काही निघालंच नाही तर?’

झालं. आला झिंक ऑक्साइड आणि आली तुळस.

आता गंमत बघा. आपण ज्याला जीआय पत्रा म्हणतो त्याच्यावर जस्ताचाच मुलामा असतो. जस्त लोखंडापेक्षा आधी झिजतं आणि स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. मोठ्या बोटींच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात ते याचसाठी. नव्या पत्र्यांची चवड पावसात भिजली की त्यावर पांढरी भुकटी धरते ना, ती याच जस्ताच्या ऑक्साइडची आणि त्याच्या भावंडांची. म्हणजे जो पदार्थ नातवाने बाटलीतल्या रसायनातून पैसे खर्चून बनवला, तो माझ्या पडवीच्या छपरावर फुकट तयार होत होता! तिथे त्याला काहीतरी काम होतं, आणि ते तो कुठवर करतो हे कोणाला ठाऊक नव्हतं. मुलाला झिंक ऑक्साइडच द्यायचा होता तर छपरावरचा द्यायचा की हो.

वनस्पतीच्या अर्कातून नॅनोकण बनवणं ही मुळात टाकाऊ गोष्ट आहे असं मला म्हणायचं नाही. २००४ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी सूक्ष्म कण बनवले आणि ते काम ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आलं. आपल्या परसातला गवती चहा! तेव्हा तो प्रश्न होता. पानातलं नेमकं काय हे करतं, त्रिकोणच का होतात, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं म्हणून त्यांनी केलं. त्यानंतर तुळस झाली, कडुनिंब झाला, कोरफड झाली, शेवगा झाला. नातू म्हणतो, आता नवं झाड शोधणं एवढंच संशोधन उरलंय. हे म्हणजे कोणीतरी पहिल्यांदा आमटीत कोकम घालून बघितलं, आणि नंतर शंभर जणींनी प्रत्येक भांड्यात तीच आमटी करून प्रत्येक भांड्याचा वेगळा निबंध लिहिला.

साधनं नाहीत म्हणून असं होतं, हेही मला पटत नाही. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं. तिथे प्रा. सी. डी. लोखंडे आणि इतरांनी पातळ थरांवर, थिन फिल्मवर, जे काम उभं केलं त्याची एक मुख्य पद्धत म्हणजे चंचुपात्रात द्रावण घ्यायचं, त्यात काचपट्टी बुडवायची आणि तापमान सांभाळत वाट बघायची. रसायनाच्या न्हाणीत घातलेली काच! ना निर्वात पोकळी, ना कोटीची यंत्रं. त्या विभागात तयार झालेली मुलं पुढे दक्षिण कोरियातल्या प्रयोगशाळांपर्यंत पोचली. स्वस्त पद्धत होती म्हणून ती हजार वेळा करून बघता आली, बिघडवता आली, का बिघडली ते शोधता आलं. स्वस्ताईचा फायदा असा घ्यायचा असतो.

मग सरांना तेवीसवर समाधान का वाटतं? मी त्यांच्या जागी उभी राहून विचार केला. यूजीसीने २०१० साली शिक्षकांच्या बढतीला एपीआय नावाची गुणपत्रिका जोडली. छापलेल्या पेपराला गुण. म्हणून पेपर, आणि पेपर हवेत म्हणून ते छापणारी दुकानं. २०१८ साली पुण्याचे प्रा. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं की यूजीसीच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या नियतकालिकांपैकी त्यांनी तपासलेली बहुसंख्य कमअस्सल होती. त्याच मे महिन्यात यूजीसीने यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. चार हजार! आमच्या शाळेच्या वाचनालयात एवढी पुस्तकं नव्हती. नोव्हेंबर २०२२ पासून पीएच.डी.ला पेपर छापलाच पाहिजे ही अटही गेली. अटी येतात-जातात, लागलेली सवय मात्र जात नाही. त्यात कितीतरी कॉलेजांत शिकवणारा माणूस तासिका तत्त्वावर, पुढच्या वर्षी असेल की नाही त्यालाच ठाऊक नाही. त्याने पोराच्या गंजक्या पट्ट्यांसाठी दोन वर्षांची जबाबदारी कशी घ्यावी? एवढं कळूनही राग जात नाही. कारण ‘काही निघालंच नाही तर?’ हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं त्याने त्या क्षणापुरतं तरी शिकवणं सोडलेलं असतं.

आणि हे आता एम.एस्सी.पुरतं राहणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येतं, म्हणजे बी.एस्सी.च्या पोरांचेही प्रबंध. कल्पना उत्तम आहे. पण तुळशीची पानं पुरतील का, एवढीच काळजी.

माझेही हात स्वच्छ नाहीत, ते सांगून टाकते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या शाळेत ‘प्रकल्प’ आले. रंगीत कागद, कापून चिकटवलेली चित्रं, वडिलांच्या अक्षरातली प्रस्तावना. श्रीवर्धनच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार चित्रांचे तक्ते मिळायचे आणि अर्ध्या वर्गाचा ‘आपला समुद्रकिनारा’ एकसारखा असायचा. मी दहापैकी आठ दिले. सगळ्यांना आठ. एका कोळ्याच्या मुलाने मात्र दोनच पानं लिहिली होती, कुठल्या वाऱ्याला कुठली मासळी येते त्यावर, अक्षर गिचमिड, चित्र एकही नाही. त्याला पाच दिले. नीटनेटकेपणाचे तीन कापले म्हणे मी! तो पाच आठवला की आजही तोंड कडू होतं. नातवाच्या सरांवर मी चिडते तेव्हा त्यात थोडी स्वतःवरचीही चीड असते.

जाऊबाई फोनवर म्हणाल्या, ‘डिग्री मिळाली ना? फर्स्ट क्लास मिळाला ना? मग तू कशाला डोकं लावतेस? आणि गंज हा काय विषय आहे का, जगात काय काय चाललंय!’ जाऊबाई, विषय आहे. तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्थेने देशभर धातूच्या पट्ट्या उघड्यावर टांगून भारताचा गंजण्याचा नकाशा तयार केलाय. कानपूर आयआयटीचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम (ते २००९ साली गेले) दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं का टिकला याच्या मागे कित्येक वर्षं होते. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे वर एक राखण करणारा थर धरतो, हे त्यांनी मांडलं. जुन्या तोफांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. आमच्या दिघीच्या खाडीपलीकडे जंजिऱ्यावर तोफा शतकानुशतकं खाऱ्या वाऱ्यात पडून आहेत, काही झिजल्या, काही धड आहेत. दरवर्षी शाळेच्या सहली जातात, कलालबांगडीशेजारी फोटो निघतात, आणि एवढा गंज समोर असून ‘का?’ विचारायची सोय अभ्यासक्रमात नाही.

डिग्रीचं म्हणाल तर ती मिळाली. नातू आता पनवेलला क्लासमध्ये शिकवतो. पण प्रोजेक्ट माझ्या हातात देताना तो जे म्हणाला ते माझ्या डोक्यातून जात नाही. ‘आजी, वाच, पण काही विचारू नकोस हं.’ एम.एस्सी. झालेला मुलगा, सत्तर पानं लिहून, सातवीच्या बाईंच्या प्रश्नाला घाबरतो!

असो. त्या संध्याकाळी मी कपाटावरचा डबा खाली काढला. हुक पुन्हा एकदा जमिनीवर मांडले. मग दोघांनी ठरवलं. नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून एकाच पत्र्यातून नऊ पट्ट्या कापून घेतल्या, प्रत्येक ठिकाणी तीन-तीन, कारण ‘दुसऱ्यांदा केलंस तर’ हा प्रश्न त्याने मनावर घेतलाय. दर महिन्याला उतरवायचं म्हटलं तर खूप लागल्या असत्या, म्हणून दर चार महिन्यांनी एकेक उतरवणार. वजनं सोनाराकडे केली, त्याचा काटा चांगला आहे. लोखंड तोलायला आलेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणून तो खूप हसला, पण पैसे घेतले नाहीत. तीन पट्ट्या दिवेआगरला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या खानावळीमागे, पुळणीला लागून. तीन आमच्या पडवीच्या वाशाला, बाहेरच्या अंगाने.

राहिल्या माणगावच्या तीन. वन्सं, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्या गच्चीवर एक कोपरा लागेल. पाऊस पडेल असा उघडा हवा, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीपासून लांब, कारण गंजाचे डाग जात नाहीत. कोणी हात लावायचा नाही, पुसायच्या नाहीत, मुलांना सांगून ठेवा. नातू रविवारी सकाळच्या एसटीने पट्ट्या घेऊन येतोय, जेवायलाच थांबेल.